दोनशे चौदा कार्डांचं पोर्तुगीज

३ मार्च, सकाळी सहा
आज श्रीगणेशा. काल ब्राझीलहून लेकीचा फोन आला. एप्रिलअखेर नातीला घेऊन तीन आठवडे येतेय. नात सहा वर्षांची. तिला पोर्तुगीजखेरीज काही येत नाही, आणि मला पोर्तुगीज सोडून सगळं येतं. आजवर व्हिडिओ कॉलवर आम्ही नुसते हात हलवत आलोय. फोन ठेवला की जीव तुटतो. ते काही नाही. आठ आठवड्यांत पोर्तुगीज. लेकीला कळू द्यायचं नाही. सरप्राइज.

४ मार्च
भाषा पुस्तकाने नाही, कानाने येते. जावयाने मागे दिलेल्या पेनड्राइव्हवर तिकडची मालिका सापडली. कॉफीच्या मळ्याचा म्हातारा मालक, त्याची खाष्ट बहीण, हरवलेली नात. एकशे साठ भाग! इंग्रजी सबटायटल्स नव्हती, ती नेटवरून उतरवून मीच जोडली. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये पस्तीस वर्षं काढलीत, जोडाजोडीचं आपल्याला काय?

९ मार्च
पद्धत ठरली. ऐकलेलं वाक्य कार्डाच्या पुढे, सबटायटलमधला अर्थ मागे. स्टोअर्समध्ये मालाची कार्डं अशीच ठेवायचो. एकतीस झाली. आमची ही माझ्या शेजारी मटार सोलत बसते. मोतीबिंदूमुळे हिला खालची अक्षरं दिसत नाहीत, नुसतं ऐकते. बिचारी.

१५ मार्च
मालिका फार संथ. गाणी सुरू केली. न्हाव्याच्या खुर्चीत एक गुणगुणून पाहिलं. त्याने वस्तरा बाजूला घेतला आणि दाढ दुखतेय का विचारलं.

१८ मार्च, दुपारी चार
गाणी बंद. फुटबॉलची कॉमेंट्री. त्याने वेग येतो. दोन तास ऐकली. एका जागी बसवेना. पाचदा पंखा कमी-जास्त केला, दोनदा उगाच जिना उतरून आलो.

१९ मार्च
मालिकाच बरी.

२७ मार्च
निरीक्षण: ही माणसं विनोद व्हायच्या आधीच हसतात. वाईट बातमी कळायच्या आधीच रडतात. काय हळवा समाज! पुस्तकातून हे कळलं असतं?

११ एप्रिल
दोनशे चौदा कार्डं. अठ्ठ्याण्णवाव्या भागात म्हातारा दारात उभ्या नातीला म्हणतो, ये बाळा, हे घर तुझंच आहे. हेच वाक्य एअरपोर्टवर म्हणायचं. आरशासमोर रोज वीसदा. डोळे भरून येतात. आज ही मध्येच म्हणाली, अहो, हे त्या बहिणीच्या तोंडी आहे. म्हटलं, तू मटार बघ.

२८ एप्रिल
आल्या. नात धावत आली, मी हात पसरून वाक्य म्हटलं. एकही अक्षर चुकलं नाही. ती जागच्या जागी थांबली, तोंड वाकडं झालं आणि आईच्या मागे लपून रडायला लागली. प्रवासाचा शीण.

२९ एप्रिल
शीण नव्हे. लेकीने सांगितलं, मी पोरीला म्हणालो, हिला जिथून आली तिकडे परत पाठवा. खाष्ट बहिणीचं वाक्य. माझी सबटायटल्स पहिल्या भागापासून एक वाक्य मागे चालत होती. म्हणजे पद्धत बरोबरच होती, फक्त एक घर सरकली होती.

२ मे
प्रत्येक अर्थ एक कार्ड मागे न्यायचा, की झालं. पण कार्डांवर नंबरच टाकले नव्हते. स्टोअर्समध्ये असं कधी झालं नाही.

७ मे
ही आणि नात दिवसभर गप्पा मारतात. पोर्तुगीजमध्ये! हिला विचारलं, कधी शिकलीस? म्हणाली, शिकले कुठे, ऐकू आलं. मी खोलीत गेलो की नात हिच्या मागे सरकते. मुलं नव्या माणसांना बुजतात. हीही नवीच, पण असो. लेकीने समजावलंय पोरीला. फरक पडेल.

१२ मे
पडला नाही. फार लागतं मनाला.

१८ मे, संध्याकाळी
हिच्यापुढे हात टेकले. म्हटलं, मला एकच वाक्य शिकव: जाऊ नकोस. हिने तासभर घोकून घेतलं, न कंटाळता. नात खिडकीशी आपली पिशवी भरत होती. तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग हात माझ्या गुडघ्यावर ठेवून बराच वेळ काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही. हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, ती म्हणतेय, आजोबांनी हे आधी सांगायचं होतं, आता तिकीट काढलंय.

विमान उद्या सकाळी सव्वादहाला आहे.