शंका आली की ब्रेक

प्रिय हँडब्रेक,

या नावानं तुला हाक मारून बरीच वर्षं झाली. लहानपणी बाजारात खेळण्यांच्या दुकानासमोर पाय रोवून उभी राहिलीस की तुला जागची हलवताना आईच्या नाकी नऊ यायचे, तेव्हा ठेवलेलं हे नाव. हे सगळं फोनवर सांगायला हवं होतं. पण दर रविवारी आपण काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गीझर दुरुस्त झाला का. दोन्हीकडे सगळं ठीक असतं आणि चौथ्या मिनिटाला फोन ठेवला जातो. आईला जाऊन चौदा महिने झाले, तुला घर सोडून तेरा. मला वाईट वाटतं असं लिहावं तर तेही धड खरं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल कसा होतो, तसं चाललंय. सकाळी सहाच्या बॅचला जातो, संध्याकाळच्या बॅचला जातो, कणीक उरली तर फ्रिजमध्ये ठेवतो. तू तिकडे कामाला पाऊण तास चालत जातेस, कुणी गाडीत बस म्हटलं तरी बसत नाहीस, हे तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची मुलगी. ऐकून मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

तर झालं असं. गेल्या महिन्यात तू म्हणालीस, ते गेमचं मशीन कुणाला तरी देऊन टाका. देण्याआधी चालतंय का बघावं म्हणून दुपारी बारा ते चारच्या मोकळ्या वेळात लावून बसलो. आत तुझा तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. तू खेळायचीस तेव्हा मी दारातूनच नाक मुरडून जायचो, त्यामुळे काही म्हणजे काही कळेना. पहिली दहा मिनिटं मी इंडिकेटरचं बटण शोधत होतो. ते नसतंच. मग प्रत्येक वळणाला गाडी हळू करून, डावी-उजवीकडे बघून शर्यत पुरी केली. बाकीचे अकरा जण तोवर पोचून, बक्षीस घेऊन घरी गेले असावेत. ब्रेक डाव्या बोटाखाली आणि ॲक्सिलरेटर उजव्या, हे कळायला दोन दिवस गेले. तोपर्यंत वळण आलं की माझा उजवा पाय सोफ्यासमोरच्या फरशीवर दाबला जायचा. एकतीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून शिकवणाऱ्याचा ब्रेक दाबलाय, पाय तो कुठला ऐकतोय.

पुढे एक भाग निघाला, त्यात ड्रिफ्ट शिकवतात. म्हणजे गाडी मुद्दाम घसरवायची. वळणाआधी क्षणभर हँडब्रेक ओढायचा, मागची चाकं सुटतात, गाडी आडवी होते आणि तशीच आडवी वळणभर न्यायची. जितकं जास्त घसराल तितके जास्त गुण. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर लोकांना पुन्हा शिकायला बसवलं, त्याचे हे गुण देतात. मला रागच आला, आणि रागावूनच मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. हँडब्रेक म्हटलं की तू आठवायचीस, तेही एक होतं. गाडी काही घसरेना. मग लक्षात आलं, गेममध्ये मदतीच्या सोयी असतात, सगळ्या चालू होत्या. चाकं जाम होऊ न देणारी, घसरण थांबवणारी. थोडक्यात, तिथंही शेजारी एक मी बसलेलो होतो. त्या सगळ्या बंद केल्या. त्यानंतर आठवडाभर गाडी भिंतीवर, कठड्यावर, एकदा प्रेक्षकांच्या मंडपात. गाडी आडवी झाली रे झाली की माझं बोट ब्रेकवर. आणि ब्रेक दाबला की गाडी बहिरी होते. स्टिअरिंग इकडे फिरवा, तिकडे फिरवा, ती आपली सुतासारखी सरळ जाऊन आपटते.

सध्या सकाळच्या बॅचला एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, बावन्न वर्षांच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांना सहज म्हटलं, गाडी घसरायला लागली की माझा हात आखडतो. त्या म्हणाल्या, सर, मशीनखालचं कापड नवी मुलगी गच्च धरते आणि शिवण वाकडी जाते. कापड जात असतं तिकडे जाऊ द्यायचं, बोटं नुसती सोबत ठेवायची. दुपारी तसं केलं. ब्रेकवरचं बोट उचलून चक्क हातातल्या रिमोटच्या पाठीमागे दुमडून ठेवलं. गाडीचा मागचा भाग ज्या बाजूला निघाला, त्याच बाजूला स्टिअरिंग अलगद दिलं. गाडी आडवी राहिली, सबंध वळणभर, आणि मग आपली आपण सरळ झाली. गेमनं पडद्यावर झगमगाट केला. मला आनंद वगैरे झाला नाही. मी तेच वळण आणखी चाळीस वेळा घेतलं आणि संध्याकाळच्या बॅचला उशिरा पोचलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आपल्या स्कूलच्या भिंतीवर लाल अक्षरांत काय लिहिलंय ते तुला सांगायला नको. "शंका आली की ब्रेक." अठराव्या वर्षी तुझ्याकडून मी ते इतकं घोकून घेतलं की तू झोपेतही म्हणतेस, असं आई चिडवायची. गर्दीत, तीसच्या वेगात, नवशिक्याला तेच बरोबर आहे. पण ओल्या वळणावर गाडी घसरायला लागल्यावर काय करायचं, हे मी तुला कधी शिकवलंच नाही. कारण मलाच माहीत नव्हतं. माझी गाडी आयुष्यात एकदाही घसरली नाही, याचा मला केवढा तोरा होता. ज्याची गाडी कधी घसरली नाही तो घसरण शिकवणार कशी, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

अजून एक गोष्ट आहे, तिच्यासाठी दोन वेळा पेन खाली ठेवलं. गेममध्ये कोरड्या रस्त्यावर गाडी घसरली की मागे चाकांचे काळे पट्टे उमटतात. मंगळवारी मी पाऊस पडून गेलेला रस्ता निवडला. पुरा ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, गाडी सरळ भिंतीवर गेली. मागे वळून बघितलं तर रस्ता कोरा. एकही पट्टा नाही. मी मशीन बंद केलं. मग म्हटलं, खेळण्यावर कशाला विश्वास ठेवायचा. गुरुवारी स्कूलची जुनी गाडी काढली, आपल्या त्या गाडीच्याच जोडीची; दोन्हींत चाकं जाम होऊ न देणारी सोय नाही. बस डेपोच्या आवारात गेलो. तिथे दुपारी बसगाड्या धुतात, फरशी ओली आणि तेलकट असते. ओळखीच्या सुपरवायझरनं अर्धा तास आवार मोकळं करून दिलं, माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत. तीसवर नेऊन ब्रेक पुरा दाबला. चाकं जाम, स्टिअरिंग फिरवलं ते वाया गेलं. उतरून गुडघ्यावर बसलो आणि फरशी बघितली. सहा वेळा केलं. सहाही वेळा फरशीवर काही नव्हतं.

त्या पावसात गोदामाच्या भिंतीवर तुझी नि आईची गाडी आपटली, तेव्हा पंचनाम्यात एक ओळ होती: रस्त्यावर ब्रेकच्या खुणा आढळल्या नाहीत. तो कागद कपाटात आहे, मी तो कितीदा वाचला असेन. दुसऱ्या दिवशी जाऊन रस्ताही बघून आलो. तू हॉस्पिटलच्या कॉटवर, हात प्लास्टरमध्ये, माझ्याकडे बघून एकच गोष्ट म्हणत होतीस, "बाबा, मी ब्रेक दाबला होता. पूर्ण दाबला होता." आणि मी मूग गिळून खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मी दुःखानं गप्प आहे असं सगळ्यांना वाटलं. तू मात्र ओळखलंस, म्हणून महिन्याभरात बॅग भरलीस. मी तुझ्यापेक्षा त्या कागदावर विश्वास ठेवला, पोरी. मनात म्हणालो, घाबरली असेल, दाबला नसेल, आणि आता खोटं बोलतेय. चौदा महिने तुझ्याशी गोळ्यांबद्दल बोलताना माझ्या मनात हेच होतं. भिंतीवरचं वाक्य काल पांढऱ्या रंगानं पुसून घेतलं, नवीन काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. मशीन मी कुणाला देणार नाही, ते राहू दे. तू ये असं मी म्हणत नाही, तो अधिकार मी त्या खिडकीपाशी घालवला. हे पत्र फक्त तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. तू ब्रेक दाबला होतास. पूर्ण दाबला होतास. मी शिकवलं होतं अगदी तसा.

तुझाच,
शेजारच्या सीटवरचा
बाबा