कोठीतली होमरची पत्रं

३ सप्टेंबर १९४६
सिनेमावाले आले. सगळं खोरं सोडून आमचंच शेत पसंत केलं, म्हणजे पारख आहे. सिनेमा काळापांढरा. गोष्ट अशी की रानातल्या घरात भाऊ बहिणीपासून काहीतरी लपवतो आणि त्यापायी त्याचं डोकं फिरतं. मी दिग्दर्शकाला म्हणालो, आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, पण शेत खुशाल वापरा. माझी धाकटी बहीण लेटी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

४ सप्टेंबर
घोटाळा. त्यांना हॅमला धुरी द्यायची कोठी हवी आहे. तिथे आढ्यावरच्या डब्यात होमर ड्वायरची सात पत्रं आहेत. १९२८ साली त्याने लेटीला लिहिलेली, आमच्या दारच्या टपालपेटीतून मी परस्पर काढलेली. तिच्याच भल्यासाठी. होमर पियानो दुरुस्त करायचा. पियानो असतात किती जणांकडे? मला स्वयंपाक येत नाही, हा मुद्दा तेव्हा डोक्यातही नव्हता.
जाळायला हवी होती. पण दुसऱ्याची पत्रं जाळणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
निश्चय: उद्या पहाटे पाचला डबा काढणे.

५ सप्टेंबर
सातला उठलो. कोठीभोवती दिवे आणि माणसं. एक पोरगी म्हणाली, काका, जरा बाजूला व्हा, कॅमेऱ्यात येताय. माझीच कोठी!

६ सप्टेंबर
सल्ल्यासाठी शेजारच्या वर्जिलला फोन केला. फोनच्या एकाच तारेवर बारा घरं, कुणीही रिसीव्हर उचलला की ऐकू येतं, म्हणून गुप्त भाषेत बोललो: होमरचं हॅम, अठरा वर्षांचं जुनं, लेटीला कळता कामा नये. वर्जिल मोठ्याने म्हणाला, पत्रं म्हणतोयस का? बैल कुठला! अर्थात कुणी चोरून ऐकत नसतंच. मी स्वतः रिसीव्हर उचलतो तो फक्त पावसाचा अंदाज कळावा म्हणून. आणि तारेवरच्याच पिकेटबाईंच्या ऑपरेशनचं कळावं म्हणून.

९ सप्टेंबर
शूटिंग पाहिलं. नट बहिणीसमोर घाम पुसतो, कारण नसताना डाफरतो. दिग्दर्शकाला सांगितलं, खरा माणूस असा वागत नाही, तो शांत असतो. तेवढ्यात लेटी हॅम आणायला कोठीकडे निघाली. मी थोडा ओरडलो असेन. दिग्दर्शक नटाला म्हणाला, बघ, असं पाहिजे!

११ सप्टेंबर, दुपारी
डबा मिळाला. रिकामा! सिनेमावाल्यांचंच काम. वकील गाठणार.

१२ सप्टेंबर
वकिलाआधी वर्जिलकडे गेलो. तिथे असतानाच त्याच्या फोनवर आमच्या घरची घंटा वाजली, दोन लांब, एक आखूड; तारेवर प्रत्येक घराची खूण वेगळी, पण वाजते सगळीकडे. वर्जिलने रिसीव्हर माझ्या हातात दिला. म्हणाला, घे, पावसाचा अंदाज.
होमर होता! फ्रेस्नोहून. बायको जाऊन तीन वर्षं झाली म्हणाला. लेटीचं पत्र मिळालं म्हणाला. लेटी म्हणाली, शनिवारी येते. मग त्याच आवाजात म्हणाली, ऑरिन, ऐकतच असशील, तर जेवायला वेळेवर ये.
जेवताना विचारलं. पत्रं तिने १९२८ सालीच वाचली होती. तेव्हाही मी वर्जिललाच फोन केला होता म्हणे. आता सिनेमावाल्यांच्या हाती नकोत म्हणून तिनेच उचलली. मग तेव्हाच का गेली नाहीस, म्हणालो. म्हणाली, आई अंथरुणावर होती, तिचं कोण करणार होतं, तू? आणि आई गेल्यावर? तर म्हणाली, तू एकदा तोंडाने कबूल करशील, याची वाट बघत राहिले. वाट बघताबघता चाळिशी उलटली.
फार वाईट वाटलं. पण तसं म्हणालो नाही, कारण तोंडात बटाटा होता.

१४ सप्टेंबर, शनिवार
स्टेशनवर माफी मागायची ठरवलं. वाक्य रात्रभर पाठ केलं होतं. निरोपाला तारेवरच्या बारापैकी नऊ घरं आली होती. लेटी गाडीच्या डब्याच्या दारात थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, गार वारा येईल, खिडकी लावून घे. ती म्हणाली, बरं.
गाडी वळणापलीकडे गेल्यावर वाक्य म्हणालो. अडखळलो नाही, सगळं म्हणालो. शेजारी पिकेटबाई डोळे पुसत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्हाला माहीत आहे रे ऑरिन, तिला सांगायचंस.