वैजापूरला पाठवलेलं मशीन

१२ एप्रिल २०२१
आजपासून मशीन बंद. संकल्प पक्का. झोपेत माझा घसा मिटतो, श्वास थांबतो, म्हणून नाकावर मुखवटा चढवून रात्रभर नळीतून हवा घ्यायची, असं डॉक्टरचं म्हणणं. बाहत्तर वर्षं कोणत्या नळीवर जगलो? चौथीत पाठ केलेल्या कविता अजून एका दमात म्हणतो. दुपारी हिला म्हणून दाखवल्या. तिसऱ्या कडव्याला डोळे मिटून भाव आणत होतो. ही म्हणते, घोरत होतात. साळूला काव्याचं अंगच नाही.

१४ एप्रिल
शाळेच्या ग्रुपवर वाईट बातमी. आमचा काकासाहेब वैजापूरला कोरोनानं आडवा. खाट नाही, ऑक्सिजन कुठंच नाही. मी तात्काळ लिहिलं, माझ्याकडं श्वासाचं मशीन आहे, मित्रासाठी दिलं! भाजीच्या पिकअपमधून रवानाही केलं. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग. पुंजारामनं लिहिलं, मोत्या, तू देवमाणूस. वर्गात माझी पाटी फोडणारा हाच. डोळे भरून आले. घरी सांगितलं, सर्व्हिसिंगला टाकलंय. गुप्तदानाचा मोठेपणा वेगळाच.

१६ एप्रिल
झोप अप्रतिम. पण ही टिकू देत नाही. सारखी खांदा हलवते. म्हणते, अहो, श्वास थांबला होता तुमचा, जीव गोळा झाला माझा. म्हटलं, तू झोप की. तर म्हणे, घोरणं थांबलं की मला जाग येते, झोपू कशी? पन्नास वर्षांचा संसार, आणि नवऱ्याच्या झोपेवर असा डोळा!

१९ एप्रिल
ताप. खोकला. पॉझिटिव्ह. मागच्या खोलीत विजनवास. ही खिडकीबाहेर स्टूल टाकून बसते आणि पडद्याची दांडी गजांतून आत घालून मला ढोसते. ऑक्सिजन मोजायचा चिमटा जागेपणी पंच्याण्णव दाखवतो, झोपलो की ऐंशीच्या खाली. चिमटासुद्धा हिच्याच बाजूचा.

२० एप्रिल, दुपार
गोकुळनं सर्व्हिसिंगवाल्याला फोन लावला. आमचं कार्टं लहानपणापासून चौकशीखोर. खरं सांगावं लागलं. वाटलं, बापाचा अभिमान वाटेल. त्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, आबा, ते ऑक्सिजनचं नाय हो! खोलीतलीच हवा आत ढकलतंय ते. तुमच्या घशाला लागतंय, काकांना काय उपयोग?

लगेच काकासाहेबाला फोन. त्याला सिलिंडर मिळालं होतं, आवाज खणखणीत. म्हणाला, मोत्या, लई वारं मारतंय रं ते. पोरानं दुसऱ्याच दिवशी ओळखलं, आपल्या कामाचं नाय. म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणे, ग्रुपवर तुझी एवढी वाहवा चाललेली, मन मोडवंना. म्हटलं, बरं, मशीन आता आहे कुठं? म्हणे, पाचोडच्या साडूला पाठवलं, त्याला दम लागत होता. साडूनं पुढं कुणाला दिलं, ते विचारून सांगतो.

दगा! साठ वर्षांच्या मैत्रीत दगा!

नवीन मशीन लॉकडाऊन उठल्याशिवाय नाही, असं दुकानदार सांगतो.

२२ एप्रिल, संध्याकाळ
साळूला ताप. तीही पॉझिटिव्ह. आता माझ्याच खोलीत. आठवडाभराच्या जागरणानं चेहरा पार उतरलाय. मी जाहीर केलं, आज तू झोपायचं, मी जागणार. मी झोपलोच नाही तर श्वास थांबेल कसा? शिवाय तुझ्या श्वासावर लक्ष ठेवीन. दाराबाहेरून गोकुळ म्हणाला, व्हय आबा, जागा तुम्ही. सूर आवडला नाही. पोटच्या पोरानं तरी विश्वास ठेवावा! कविता ओळीनं आठवून ठेवल्यात. उजाडेपर्यंत सहज पुरतील.

२३ एप्रिल
पहिल्या कवितेचं दुसरं कडवं आठवतं. पुढचं नाही.

उजाडताना हिनंच हलवलं. भिंतीला उशी लावून बसलेली. अंग फणफणलेलं, डोळे लाल, हात माझ्या खांद्यावर. म्हणाली, अहो, उजाडलं. आता तुम्ही उठून बसा, म्हणजे मी जरा पडते.