वळणाचा बाहेरचा काठ

११ जून
लिंबाचं झाड गेलं. काल संध्याकाळी काठावर होतं, आज तिथे नुसतं पाणी. परसात अठ्ठावीस पावलं उरली. मागच्या जूनमध्ये एकोणचाळीस होती.

१२ जून
वाटणीत मला बाबांचं घर आलं — नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला. दादाला पलीकडची आतली जमीन. "तुला घर, मला वाळू," म्हणून तेव्हा तोंड वाकडं केलं होतं त्याने. वळताना पाणी बाहेरचा काठ खणतं आणि आतल्या बाजूला, जिथे ते संथ असतं, गाळ टाकतं. वीस वर्षं हे सातवीला फळ्यावर काढून दाखवतेय. स्वतःच्या घराचं मात्र उशिरा उमगलं. माझं परस खचतंय, दादाचं शेत दरवर्षी वाढतंय.

१९ जून
गेले होते दादाकडे, पुलावरून. म्हटलं, "दोन वर्षांत माझं घर जाईल. दोन खोल्यांपुरती जागा दे."
"नदीने मला दिलं. तुझ्याकडे मागायला आलो नव्हतो मी." वर म्हणतो, "तू भूगोलाची बाई ना? मग नदीलाच समजावून सांग." आपल्याच बोलण्यावर हसला. वहिनी मान खाली घालून आत गेली. चहा तसाच टाकून उठले.

२० जून
शाळा. वह्या तपासल्या नाहीत.

२ जुलै
त्या दिवशी दादाकडून परतताना पाहिलं ते इतके दिवस लिहिलं नाही. दादाचं घर त्याच्या जमिनीच्या तोंडाशी आहे, आणि तिथेच ती अगदी अरुंद झालीय. एका अंगाला वळणाकडे जाणारी नदी, दुसऱ्या अंगाला वळसा घालून आलेली. दोन्हीकडून कुरतडतेय. पावलं मोजली — सव्वीस. मोठा पूर आला की पाणी एवढा वळसा कशाला घालेल? सरळ मधूनच फोडून जाईल. माझ्याकडचं वळण तळं होऊन मागे राहील.
म्हणजे माझं घर वाचेल.
फोन दोनदा हातात घेतला. त्याने विचारलं तर सांगेन. तो कशाला विचारतोय.

१४ जुलै
वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत. काठावरच्यांना हलायला सांगितलंय. मी बोचकं घेऊन शाळेत आले. दादा हलायचा नाही. त्याला वाटतं, नदी आपल्याला देतेच, नेत नाही.
फोन केला नाही.

१७ जुलै
पाणी ओसरलं. घर जागच्या जागी. परसामागे पाणी आहे, पण वाहत नाही. काडी टाकली, तिथेच तरंगत राहिली.

१९ जुलै
दादा सापडला — दोन कोस खाली. वहिनी माहेरी गेली होती म्हणून वाचली. तिला मी इथे घेऊन आले. दिवेलागणीला म्हणाली, "ताई, तुम्ही शिकवता ना हे सगळं. तुम्हालासुद्धा कळलं नाही?"
"नाही," म्हटलं.