सेन्सर क्र. २३ ची जुनी किल्ली जमा करून घेण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
उतार-सुरक्षा विभाग,
दुसरा मजला, जिन्यासमोर.

विषय : सेन्सर क्र. २३ ला नवी किल्ली मिळण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्यांवरील भांडार लिपिकांचा शेरा, 'जुनी किल्ली जमा करावी.'

महोदय,

मी टेकडीवरील चाळीस सेन्सरची देखभाल करतो. माती किती सरकली हे ते दर दहा मिनिटांनी बिनतारी कळवतात. मध्येच कोणी खोटा निरोप घुसवू नये म्हणून प्रत्येकाला एक गुप्त आकडा दिलेला असतो. आमच्या कामात त्यालाच किल्ली म्हणतात. ती दर महिन्याला बदलते.

सोमवारी किल्ल्या बदलल्या तेव्हा क्र. २३ ची बॅटरी पुसण्यासाठी माझ्या हातात होती. चूक माझी, कबूल. तो जागा झाला तो जुनीच किल्ली घेऊन. तेव्हापासून बिचारा ओरडतो आहे, आणि नियंत्रण कक्षातला संगणक 'अनोळखी' म्हणून त्याचे निरोप फेकून देतो आहे. आता नवी किल्ली जागेवर जाऊन, वायर जोडून भरावी लागेल. त्याला आपली सही लागते.

ही फाइल आपल्यापर्यंत येतच नाही. जुनी जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही, असा नियम भांडार लिपिकांनी मला बोट ठेवून दाखवला. किल्ली म्हणजे आकडा, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितले. फॉर्मात 'किल्लीचा धातू' असा रकाना आहे. मी 'नाही' असे लिहिले. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

महोदय, क्र. २३ च्या बरोबर खाली एकच घर आहे, ते माझ्या थोरल्या बहिणीचे. घराच्या वर मातीला पडलेली भेग मी रोज बोटांनी मोजतो. सोमवारी एक बोट होती, आज तीन आहे. घर रिकामे करण्याचा आदेश मात्र संगणकाच्या निरोपावरच निघतो, माझ्या बोटांवर नाही. ताई म्हणते, तुझं आपलं काहीतरीच! यंत्र गप्प आहे ना, मग तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस? ते गप्प नाही गं, त्याचं कुणी ऐकत नाही, हे तिला पटत नाही. मला भीती वाटते. एका जागी बसवत नाही. हा अर्जही उभ्यानेच लिहितो आहे.

ताई कामावर जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवून जाते. ती सोबत जोडली आहे. धातू पितळ, जुनी, चालू स्थितीत. दुसरी नाही. ही जमा करून घ्यावी व क्र. २३ ला नवी किल्ली भरण्याची परवानगी द्यावी.

कार्यालय सुटायच्या वेळी ताई आपल्या दाराशी येईल. बरीच चिडलेली असेल. ती काहीही बोलली, रडली, तरी क्र. २३ चे म्हणणे संगणकाने ऐकून घेईपर्यंत ही किल्ली कृपा करून तिच्या हाती देऊ नये.

आपल्या सहीकडे डोळे लावून उभा असलेला,
टेकडीवरचा तंत्रज्ञ

दिनांक : आजचाच, कार्यालय उघडताच.
सोबत : किल्ली, नग एक.