साके किंवा औषध, दोन्ही एकदम नाही

बाबा,

मी कामाला निघाले. सकाळी पाच हाका मारल्या, तुम्ही ओ दिली नाहीत, म्हणून तुमच्या नाकापुढे हात धरून उभी राहिले. मग तुम्ही घोरलात. जन्मात पहिल्यांदा तो आवाज मला गोड वाटला.

ओट्यावर सर्दीच्या रात्रीच्या औषधाची बाटली होती आणि शेजारी अंडं फेटून गरम केलेल्या साकेचा रिकामा पेला. "सर्दीवर अंडं घातलेली साकेच!" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. आईही तेच म्हणायची. पण वर औषधही प्या, असं ती कधी म्हणाली नव्हती. त्या औषधाने आधीच झोप येते, साकेतली दारू ती आणखी गाढ करते.

तापाच्या गोळ्यांत जे असतं तेच या बाटलीतही आहे. दोन्ही घेतलं की डोस दुप्पट होतो आणि यकृत मात्र एकच राहतं. म्हणून गोळ्या मी नेल्या आहेत. छोट्या ट्रकची किल्लीही नेली आहे. या औषधाची गुंगी सकाळीही उतरत नाही. औषधाच्या दुकानातल्या होरिउचीबाईंना फोनवर तुमच्या प्रोस्टेटबद्दल सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मग हे औषध त्यांना नकोच, लघवी अडेल!" दुसरं संध्याकाळी आणते. रागवा खुशाल, पण पेज खाऊन.

बाटली आणि साके, दोन्ही मी कपाटात कुलपात ठेवल्या आहेत. आईच्या फोटोपुढे तुम्ही ठेवलेला दुसरा पेला मात्र हलवला नाही. तिचं कुठलंच औषध चालू नाही.

मित्सुए