हल्याच्या वाटचं दूध

३ नोव्हें., सोम.
भुरी म्हैस सकाळी व्याली. हल्या झाला. धारा काढणाऱ्या रामफल भैयानं पाय धरून ओढला, शेपटी उचलून पाहिलं अन् म्हणे, "लो, फिर पड़ा।" इकडे हिंदी मुलखात हल्याले पड़ा म्हणतात. वगार, म्हणजे मादी, झाली असती त गूळ वाटला असता. हल्या झाला त बिडी पेटवली.
मी चीक पाजला. दोन घोट घेतले अन् मान टाकली. पुन्हा उठवला. पी ना बे. मग प्याला.
दुपारी दीदी स्कूटीवर शहरातल्या दीक्षितपुऱ्याहून आली. काका मालक होते तवा महिन्यातून एकदा दिसत. काका गेले, आता त्यांची पोरगी रोज येते. आज दोन कागद घेऊन आली. रेडकांले दूध पाजायच्या मशीनचे. म्हणे, "गजू, रेडकांना तू पाजतोस. तो तूच सांग, कौनसी लेनी चाहिए."
मले आजपर्यंत असं कोणी काही विचारलं नाही. पाहून सांगतो म्हटलं. पाहिलं. काही समजलं नाही.

४ मंगळ.
कागद पुन्हा पाहिले. सगळं इंग्रजी. फोटोवरून जेवढं लागलं तेवढं लिहितो.
एक मशीन कपाटासारखी. वरून पावडर टाकायची, पाणी तीच गरम करते, तीच घोळते. बाजूले एक गल्ली, एकच वासरू मावंल एवढी. वासराच्या गळ्यात पट्टा. पट्टा पाहून मशीन ओळखते हा कोण, त्याच्या वाटचं देते. झालं की बंद. पुन्हा आला त नाही देत.
दुसरी म्हणजे नुसती लंबी टाकी. खाली रबराचे निप्पल. दूध आपण ओतायचं, ज्याले लागंल तो पिईल. ही त बादलीच झाली. बादलीले कायले कंपनी पाहिजे.
फोटोतली वासरं काळी-पांढरी, विलायती गायीची. ढुंगणं एकदम साफ. आपल्या एकाचंही तसं नाही.
रा. भैयाले दाखवलं. त्यानं उलटंपालटं करून पाहिलं. "इसमें भैंस कहाँ है?"
खरंच. म्हैस कुठंच नव्हती.

५ बुध. पुनव.
ग्वारीघाटले नदीवर लय गर्दी. दूध लवकर उठलं. मी दुपारून गेलो, पाण्यात पाय टाकून बसलो, आलो. मन लागलं नाही. कुठं लागते म्हणा.
एक गोष्ट डोक्यात आली. धार काढाच्या आधी कालचा सोडावा लागते. (कालचा म्हणजे भुरीचा तो हल्या. परवाचा झाला आता, पण तोंडात तेच बसलं.) तो दोन ढुसण्या देते, भुरी पान्हा सोडते. मग त्याले ओढून खुंट्याले बांधायचा. ओढतानी चारही पाय रोवते. हल्याचं या दुनियेत काम तेवढंच. आईले पान्हवायचं. त्याच्यासाठी त्याले ठेवतात अन् मी पाजतो. वगारी आधी, हल्ये मागून. मले कोणी पाज म्हटलं नाही, नको पाजू असंही कोणी म्हटलं नाही.
मंग रेडकू मशीनवर पिऊन राहिलं त म्हशीले पान्हवायचं कोणी?
दीदीले फोन करून विचारलं. ती म्हणे, "अच्छा सवाल है. कंपनीवाल्याला विचारते मी."
चांगलं वाटलं. रा. भैयाले सांगतलं त म्हणे, "वाह रे डाक्टर।"

८ शनि.
कंपनीवाला आला. बूट असे चमकत होते की शेणात टाकू द्यायले मलेच जिवावर येऊन राहिलं होतं. त्याच्यासमोर पोतं आंथरत गेलो.
दीदीनं माझा सवाल माझ्या नावानं विचारला. "आमचा गजू म्हणतो." तो हसला. त्याच्याजवळ जवाब तयारच होता. पहिल्या दिवसापासून बच्चा अलग. कासेले गरम पाण्याचा फडका, समोर खुराक, आठ-दहा दिवसांत भैंस आपोआप दूध सोडते. बच्चे की जरूरत ही नहीं.
दीदीचा चेहरा खुलला. तिले ते पान्हवायचं इंजेक्शन अजिबात आवडत नाही, इथं येऊन पहिले तेच बंद केलं तिनं.
मग त्यानं विचारलं, "मादा कितनी हैं?"
"पाच," दीदी म्हणे.
"तो पाँच पट्टे लिखता हूँ. नर को पावडर पिलाके क्या करेंगे, मैडम."
दीदी कागदाकडे पाहत होती. म्हणे, "नराचं बाद में बघू."
तो गेल्यावर रा. भैया म्हणे, "ले. पड़े की नौकरी भी खा गया तू।" हसला. मीही हसलो. हसतानी बरं वाटलं.
मी सवाल विचारला नसता त? पण कोणीतरी विचारलाच असता. का नसता?

९ रवि.
गावाहून मायचा फोन. तिले विचारलं, आपल्या घरी हल्याचं काय करत होतो?
"काय करतो. बाबा नांगराले धरत होते. आता ट्रॅक्टर झाले, कोण धरते? काहून?"
मशीनचं सांगतलं. तिले अर्धं समजलं. म्हणे, "मालकीण विचारून राहिली त सांग ना बाप्पा चांगलं काय ते. तुले कोण विचारते कधी?"
हे बरोबर बोलली.
अन् म्हणे गावचा पिंट्या कामाले हैदराबादले गेला, तुले बोलावते. मालकाकडे ए.सी. आहे म्हणते. पिंट्या ए.सी. मध्ये झोपते का विचार म्हटलं. माय म्हणे, "तू एका जागी बस, मग दुसऱ्याले हस."

११ मंगळ.
वगार गेली. मोठ्या शिंगाच्या म्हशीची, सगळ्यात चांगली. परवापासून हगवण. काल डॉक्टर सुई देऊन गेले. सकाळी पाहिलं त मान मागं पडलेली.
दीदी ढेपीच्या पोत्यावर बसली अन् रडली. स्कूटीची चाबी हातातच. मले कधी मालक लोक रडतानी पाहायची सवय नाही, मी झाडू घेऊन उगाच झाडत राहिलो.
"गजू, दूध थंड तर नव्हतं ना?"
थंडी वाढली. एक बादली भरून शेवटच्या रेडकापर्यंत जाईपर्यंत निवते. कधी निवते कधी नाही. मी काय सांगू? "असंल," म्हटलं.
"मशीन में थंड नाही होत," ती म्हणे. मले बोलत नव्हती. स्वतःले.
खरं आहे ते. मशीन झोपत नाही, मशीन फोनवर बोलत नाही, घाटावर जात नाही. वगार राहिली असती.
म्हणजे मशीन चांगली. मग मले काहून नको वाटते.

१४ शुक्र.
दीदीनं उभ्या उभ्या विचारलं. आज ऑर्डर द्यायची, सांग.
मी म्हटलं, टाकीवाली.
"काहून?" (माझ्यापासून शिकली काहून म्हणायले. तिच्या तोंडून गंमत वाटते.)
सगळे पितात त्याच्यात, म्हटलं.
"सगळे नाही पीत. जो जोरवाला आहे तो सगळं पितो, कमज़ोर मागे राहतो. पिछले महीने तूच सांगितलंस मला."
सांगतलं होतं. खरं आहे तेही. गोठ्यातला सगळ्यात मोठा हल्या बाकीच्याईले रेटते, मीच त्याले काठी दाखवतो.
मग तोंडातून निघालं, "त पहिली घ्या."
"पक्का?"
"पक्का."
काहून म्हटलं असंल? ती खूश झाली म्हणून? मले उत्तर आलं पाहिजे होतं म्हणून? स्कूटी गेटाबाहेर गेली तवा मागून पळत जाऊन हल्याचे पट्टेही लिहा म्हणावं असं वाटलं. गेलो नाही. उद्या म्हणीन.

१५ शनि.
म्हटलं. दीदी, हल्याईलेही पट्टे घ्या.
रागावली नाही. हेच वाईट झालं. बाजूले बसवून हिशेब सांगू लागली, पावडर किती, एक हल्या किती महिने पिते, अन् मोठा होऊन काय देते. सांगता सांगता तिलेच कसंतरी झालं. म्हणे गौशालेत विचारलं, ते फक्त गायीचे घेतात, भैंसचे नाही. "मलाही नाही आवडत, गजू. तू काही रास्ता सांग ना."
मले रस्ता माहीत असता त मी इथं असतो का?
गोठ्यात आता त्या मशीनले सगळे "गजू की मशीन" म्हणतात. आली नाही अजून.

२० गुरु.
भुरीले कालच्याशिवाय पान्हवायची शिकवणी. कालचा अन् बाकीचे दोन हल्ये, मोठा अन् बारका, मागच्या शेडात, तिले दिसू नये म्हणून पोतं लावलं. रा. भैयानं कास धुतली, समोर खुराक ठेवला. भुरीनं खुराक खाल्ला अन् लाथ मारली. बादली एकीकडे, रा. भैया एकीकडे. "तेरी मशीन को बिठा यहाँ!" मले म्हणे.
तीन दिवस झाले, थेंब नाही. वरवरचं आलं ते आलं. मागून कालचा ओरडून राहिला, इकडून ही.
मनात म्हटलं, नको देऊ भुरे. अजिबात नको देऊ.

२२ शनि.
दिलं.
खुराकात तोंड अन् रा. भैयाच्या हाताखाली धार लागली, बादलीत फेस. रा. भैया म्हणे, "देखा? माँ भी सीख गई।"
मागचे हल्ये आता माझ्या बादलीवर आहेत. अर्धं दूध अर्धं पाणी, जेवढं उरते. सगळ्यात बारका नीट उठत नाही. कालचा मले पाहून ढुसण्या देते, मांडीले. माझ्यातून काय पान्हा येणार.
दीदी मागच्या शेडाकडे येत नाही. मी तिले या म्हणत नाही.

२६ बुध.
मशीन आली. ओटा आधीच बांधला होता. कंपनीवाला अन् एक मिस्त्री. मले शिकवलं: इथं पावडर, इथं पाणी, हा पडदा पाहायचा. पाच नंबर. ज्याचं पिणं झालं तो हिरवा, राहिला तो लाल. लाल राहिला त दीदीच्या मोबाईलवरही लाल.
मले एका सांगण्यात आलं. रा. भैया म्हणे, "इंजीनियर साहब, चाय पिला दो।"
चार वगारीले पट्टे मी बांधले. गल्लीत ढकललं त पहिले सगळ्या उलट्या पायानं बाहेर निघाल्या. मग एकीनं चोखलं. मग बाकीच्या. संध्याकाळपर्यंत रांग लावून उभ्या राहिल्या. दूध गरम, मी बोट लावून पाहिलं. अशा पिऊन राहिल्या होत्या की पाहत राहावं. खोटं कायले लिहू, मले आनंद झाला.
पाचवा पट्टा उरला. जी गेली तिचा. दीदी म्हणे, "संभाल के ठेव, पुढच्या पडियेला लावू." पडिया म्हणजे वगार.
जातानी, गेटाजवळ, हेल्मेट घालता घालता म्हणे, "मागच्या तिघांसाठी रविवारी गाडीवाला येईल. तू सुट्टी घे त्या दिवशी हवं तर."
कोणता गाडीवाला ते मी विचारलं नाही, तिनं सांगतलं नाही.

२८ शुक्र.
पडद्यावर पाचवा नंबर कालपासून लाल. मिस्त्री तो बंद करायचा विसरला.
रा. भैया म्हणे, "ये लाल क्यों है? दीदी पूछेंगी।"
विचारलंच. फोन आला. पाचवा काय आहे? म्हटलं, पाहतो.
पट्टा खिशात होता. गल्लीपाशी जाऊन वाकून पाहिलं त आत खटका वाजला अन् निप्पलातून दूध आलं. मले. माझ्या खिशातल्या पट्ट्याले. एवढी शहाणी मशीन, तिले हल्या-वगार त सोडा, माणूस समजत नाही. रा. भैया पोट धरून हसला. "पी ले, पी ले, तेरे हिस्से का है।"
मी हसलो नाही. मागच्या शेडात गेलो. तिघंही आले. म्हणजे दोन आले. बारका बसूनच मान वर करून पाहत होता.
ज्याच्या गळ्यात पट्टा तो रविवारी गाडीत जाणार नाही, एवढं मले माहीत आहे. दीदी एखाद्या वेळी रागावंल. पण मोबाईलवर हिरवं दिसलं अन् खाली पिऊन राहिलेलं दिसलं त पट्टा सोड म्हणणार नाही ती. तशी नाही ती. मी तिले ओळखतो असं वाटते. कोण जाणे.
पण पट्टा एकच आहे. मोठा हल्या धट्टाकट्टा, तो कुठंही जगंल. जगंल म्हणजे जिथं नेतील तिथं जगू देत असतील त. बारक्याले सगळ्यात गरज, पण त्याले बांधला अन् तो तसाही गेला त? पट्टा चाटून राहिला कालचा. कालच्याले बांधलं त मी चांगल्यासाठी नाही बांधलं, मले तो आवडते म्हणून बांधलं.
तिघाईच्या गळ्यात लावून पाहिला, एकेकाच्या. एकाच भोकात तिघाईले बसते.
आता अंधार पडून राहिला. पट्टा हातात आहे. कालचा तोंडानं तो ओढून राहिला.